मार्क कुणाचे कापू?

परभणीच्या एका शाळेत मी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. शिकवलं म्हणजे नक्की काय केलं, असं कुणी खोदून विचारलं तर खरं उत्तर एका ओळीत देता येईल : 'करायलो' खोडून त्यावर 'करत आहे' लिहिलं. आमच्याकडचं पोर निबंधात सहज लिहून जातं, 'मी शाळेत जायलो आणि अभ्यास करायलो.' त्याच्या दृष्टीनं ते शाळेत जातंही आहे आणि अभ्यासही करतं आहे. माझ्या दृष्टीनं ते कुठंच जात नसे. एका 'करायलो'ला अर्धा मार्क, असा माझा दर होता. या दरानं बत्तीस वर्षांत कापलेले मार्क जर मी साठवून ठेवले असते, तर आज त्यात आमच्या शाळेच्या दोन-चार तुकड्या आरामात पहिल्या वर्गात पास झाल्या असत्या.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे निवडणुकीतली एक सभा. निवृत्त माणसाला देऊळ, दशक्रिया आणि जाहीर सभा अशा तीन ठिकाणी फुकट प्रवेश असतो. पैकी पहिल्या दोन ठिकाणी बोलायला बंदी असल्यामुळं मी तिसरीकडं जातो. तिथं निदान शेजारच्याशी कुजबुजता येतं.

पाहुणे नेते दीड तास उशिरा आले, म्हणजे वेळेवरच आले. गाडीतून उतरताना ते बरोबरच्या माणसाशी अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी आणि उरलंसुरलं मराठी असं काहीतरी बोलत होते. व्यासपीठाला पायऱ्या चारच होत्या. पण चौथी पायरी चढेपर्यंत गृहस्थ मुंबईहून थेट बांधावर पोचले. लाउडस्पीकरच्या दांड्याला हात घालून ते गरजले, "काय रं गड्यांनो! समदं ब्येस हाय न्हवं?"

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी धोतर-टोपीतले एक म्हातारबुवा बसले होते. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "सर, हे सायेब कोल्हापूरकडचे म्हणायचे का?"

मी म्हटलं, "नाही हो, आपल्याशी आपल्या भाषेत बोलायलेत."

"आसं का," म्हातारबुवा म्हणाले, आणि विचारात पडले. आपली भाषा कोणती, हे सत्तरी उलटल्यावर कळलं तर कुणीही विचारात पडणारच.

आता मी काही भाषाशास्त्रज्ञ नव्हे. पण इतकी वर्षं जी भाषा खोडली, ती दिसली की ओळखू तरी येते. 'रं', 'न्हवं', 'व्हय जी' हा माल आमच्या जिल्ह्यातला नाही. आमच्याकडं 'काय करायलास' चालतं, जरा पलीकडं नांदेड-लातूरच्या बाजूला सरकलं की त्याचं 'करूलालास' होतं. निजामाच्या राज्यात पिढ्यान् पिढ्या काढल्यामुळं आमचा माणूस दखनी उर्दूची फोडणी देऊन बोलतो. साताऱ्या-कोल्हापूरची बोली आपल्या जागी झकास आहे. पण ती परभणीत बोलली की कोल्हापुरी चप्पल घालून आमच्या काळ्या रानात उतरल्यासारखं होतं. दोन पावलांत चप्पल चिखलात आणि माणूस पुढं.

ही भाषा नेत्यांना सापडली कुठं, याचा शोध मी लावला आहे. ती सिनेमात सापडली. 'सांगत्ये ऐका' १९५९ चा, 'पिंजरा' १९७२ चा. तमाशापटांची ती सगळी दिंडी कोल्हापूरच्या वाटेनं निघाली, आणि खेड्यातला माणूस म्हणजे कोल्हापूरकडं बोलतो तसा बोलणारा माणूस, हे साऱ्या महाराष्ट्रानं ठरवून टाकलं. आम्हीही ते सिनेमे पाहिले, टाळ्या कुटल्या. ('पिंजरा'तल्या मास्तराची वाताहत पाहिलेली असल्यामुळं मी स्वतः मास्तर झाल्यावर करमणुकीच्या कार्यक्रमांना फार जपून जात असे.) पण टॉकीजमधून घरी येताना आम्ही एकमेकांशी 'जायलो-यायलो'च बोललो. नेतेमंडळी बहुधा टॉकीजमधून थेट व्यासपीठावर गेली असावीत.

बरं, भाषेइतकीच नात्यांची गंमत. आमच्या राज्यात कुणी दादा, कुणी आबा, कुणी अण्णा, कुणी नाना, कुणी ताई. एवढं भरलेलं एकत्र कुटुंब दुसऱ्या कुठल्या राज्यात असेल असं वाटत नाही. आमच्या परभणीनं तर याही पुढं मजल मारली. आमचे खासदार संजय जाधव. २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तीन निवडणुका त्यांनी लागोपाठ जिंकल्या, आणि उमेदवारांच्या यादीत त्यांच्या नावापुढं कंसात 'बंडू' असं छापलेलं असतं. मराठी विनोदात बंडू हा नेहमी मास्तरांचा मार खाणारा पोरगा. तो दिल्लीला जाऊन बसेल, असं एकाही मास्तराला वाटलं नव्हतं. माझा या घरगुती नावावर काही आक्षेप नाही. उलट जिल्ह्यानं खासदाराला बंडू म्हणावं यात मला एक हक्काचा गोडवा वाटतो. माझा आक्षेप आहे तो हक्काच्या वाहतुकीवर. ही वाहतूक बहुतेक पुढाऱ्यांच्या बाबतीत एकेरी असते. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात टाकून "काय रे, कसं चाललंय?" म्हणायचं, आणि त्या क्षणी मी धन्य व्हायचं. मी त्यांच्या खांद्यावर हात टाकून "तुझं कसं चाललंय रे?" म्हटलं, तर पुढच्या क्षणी माझं काय व्हायचं हे त्यांच्या मागं उभ्या असलेल्या तगड्या मुलांना विचारा.

हा आक्षेप मी सभेहून आल्यावर घरी मांडला. आमची ही गंगाखेडची. त्यामुळं भक्तिमार्गावर आमच्या घरात तिचा शब्द शेवटचा असतो, आणि बाकी सगळ्या मार्गांवरही असतो. पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "अहो, आमच्या जनाबाईनं तर प्रत्यक्ष विठोबाला अरे-तुरे केलं. शिव्यासुद्धा घातल्या."

"तो देव होता. त्यानं ऐकून घेतलं."

"नुसतं ऐकून नाही घेतलं. जात्यावर बसून दळू लागला. सलगी करायची तर दळायला नको?"

पोळीचा विषय तिथंच संपला. पण मला वाटतं, सबंध लोकशाहीवर इतकी नेमकी टीका आमच्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणी केली नसेल. सलगीची भाषा वाईट नाही. पण जी घरातली भाषा बोलतो म्हणतो, त्यानं घरातल्या जात्याचा खुंटा धरायला हवा. नुसतंच येऊन "काय दळायलीस गं?" असं विचारून पीठ घेऊन जाणाऱ्याला गंगाखेडला वेगळा शब्द आहे. तो मी लिहिणार नाही, कारण त्याचे दोन मार्क कापावे लागतात.

तेव्हापासून मी पुढाऱ्यांच्या बोलण्याचे पेपर तपासू लागलो. त्यात सगळेच नापास झाले असं नाही. सांगोल्याचे शहाजीबापू पाटील घ्या. जून २०२२ मध्ये ते गुवाहाटीच्या हॉटेलात होते. तिथून फोनवर आपल्या कार्यकर्त्याला त्यांनी जे सांगितलं, त्यातलं 'काय झाडी, काय डोंगार' महाराष्ट्रभर गाजलं. मास्तर म्हणून सांगतो, तो पेपर उत्तम होता. गडी माणदेशचा, माणदेशी बोलला. समोर माइक नव्हता, की टाळ्या मिळवायचा हेतू नव्हता. पण नंतर व्हायचं तेच झालं. जिथं जातील तिथं लोक म्हणणार, "बापू, ते झाडीचं होऊ द्या!" नाटकात एखादं पद गाजलं की नटाला रोज वन्स मोअर घ्यावा लागतो, तसं. मनापासून निघालेलं वाक्य मागणीनुसार म्हणावं लागलं की त्याचं पाठांतर होतं. पुढं नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत सांगोल्यानं त्यांना पाडलं. मला मात्र आपल्या सगळ्यांचंच नवल वाटतं. त्या पंधरवड्यात राज्यातलं अख्खं सरकार पडलं, आणि आमच्या लक्षात काय राहिलं, तर झाडी.

काही पेपर मात्र फार खराब निघाले. एप्रिल २०१३ मध्ये मराठवाडा टँकरपुढं घागरी घेऊन उभा होता. त्याच वेळी तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूर तालुक्यातल्या एका सभेत धरणाच्या पाण्याबद्दल असं काही बोलून गेले, की ते वाक्य इथं लिहिणं मला शोभणार नाही. मे २०१७ मध्ये आमच्या शेजारच्या जालन्यात रावसाहेब दानवे तुरीच्या खरेदीबद्दल बोलताना शेतकऱ्यांना उद्देशून 'साले' म्हणाले. तूर आमच्याही रानात होती, त्यामुळं ते नातं आम्हालाही लागलं. पवारांनी माफी मागितली, आणि कराडला यशवंतरावांच्या समाधीपाशी दिवसभर बसून आत्मक्लेश केला. दानव्यांनीही खेद व्यक्त केला. झालं ते झालं. मला उकरून काढायचं नाही.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. असं काही झालं की कुणीतरी समर्थक पुढं येतो आणि म्हणतो, "साहेबांची बोलायची पद्धतच ग्रामीण आहे हो!" म्हणजे तोंड सुटलं पुढाऱ्याचं, आणि आळ खेड्यावर! माझी आई मानवतजवळच्या खेड्यातली. शाळेत एक दिवस गेली नाही. जन्मभर 'करायले' आणि 'जायले' म्हणाली. पण दारात आलेल्या भिकाऱ्यालाही तिनं 'बाबा' म्हणूनच हाक मारली, आणि दुष्काळात पाण्याचा विषय निघाला की आवाज खाली आणला. बोली म्हणजे तोंड सोडणं, हे ज्यांना वाटतं त्यांना ना बोली ठाऊक, ना ती बोलणारे.

व्याकरणाच्या अंगानंही मी या पेपरांचा थोडा अभ्यास केला आहे. आठवीच्या पुस्तकात प्रयोग तीन. आमच्या पुढाऱ्यांच्या आयुष्यातही तीनच. सभेत कर्तरी : 'मी पाणी आणतो, मी रस्ता करतो.' अंगाशी आलं की कर्मणी : 'माझ्या वक्तव्याचा विपर्यास करण्यात आला.' कुणी केला, ते वाक्यात नसतं. आणि निवडून आल्यावर भावे : 'शेतकऱ्याने थांबावे.' बत्तीस वर्षं मुलांना हे तीन प्रयोग समजत नव्हते. मी उदाहरणं चुकीची देत होतो.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, मग पुढाऱ्यानं बोलावं तरी कसं? पुस्तकासारखं? मुळीच नाही. त्यानं आपलं बोलावं. वसंतदादा पाटील सांगलीकडचं बोलायचे, कारण ते तिकडचेच होते. बाळासाहेब ठाकरे मुंबईचे. त्यांचं काय पटलं आणि काय पटलं नाही हा वेगळा विषय, पण परभणीकरांना खूश करायला म्हणून त्यांनी कधी 'व्हय जी'चा फेटा बांधला नाही. ते शिवाजी पार्कातले होते आणि इथं आले तरी शिवाजी पार्कातलेच राहिले. आणि आमच्या मराठवाड्याचे शंकरराव चव्हाण. त्यांना लोक 'हेडमास्तर' म्हणत. या एका कारणानंही ते मला जवळचे वाटतात. विनोद करून सभा डोक्यावर घेणं हा त्यांचा प्रांत नव्हता. पण पैठणला जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली शास्त्रीजींच्या हस्ते आणि लोकार्पण १९७६ साली इंदिराबाईंच्या हस्ते झालं, त्यामागं पाटबंधारे मंत्री म्हणून आणि पुढं मुख्यमंत्री म्हणून या हेडमास्तरांचा रेटा होता. त्या धरणाचा डावा कालवा आमच्या जिल्ह्यात उतरतो. गंगाखेडच्या हिशोबानं हे दळणाचं काम झालं. बोलणं कडक, पण पीठ पडलं.

कालव्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. सभेनंतर पंधराएक दिवसांनी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता पंचेचाळिशीचा, कानाशी पांढरा. त्याचं रान एका चारीच्या टेलला आहे. टेलचा शेतकरी म्हणजे पंगतीतला शेवटचा माणूस. वाढपी त्याच्यापर्यंत येतो तेव्हा हातात नुसतं भांडं असतं. चारीत गाळ साचला आहे, वर लोक पाणी अडवतात, आणि तीन वर्षं एकाही आवर्तनाचं पाणी त्याच्या बांधाला लागलेलं नाही. सात नंबरचा फॉर्म मात्र तो दर वर्षी भरतो.

"सर, सायबाला एक अर्ज लिहून द्या."

"कुठल्या साहेबांना?"

त्यानं नाव सांगितलं. 'काय रं गड्यांनो' हेच ते. निवडून आले होते.

मी म्हटलं, "अरे, ते तर सभेत अगदी आपल्या भाषेत बोलतात. तू तुझ्याच शब्दांत लिही की. नाहीतर जाऊन तोंडी सांग."

तो हसला. "गेल्तो सर. दोनदा गेल्तो. तिथला माणूस म्हणला, लेखी आन. लेखी नेलं तर म्हणला, हे काय लिहिलंय, नीट मराठीत लिहून आन. आपली भाषा त्यांनी बोलायची असती सर. आपण लिहायची नसती."

माझ्या आजोबांच्या काळी परभणीच्या कचेरीत उर्दू चाले. आजोबांना उर्दू येत नसे, म्हणून ते कचेरीबाहेर बसलेल्या अर्जनवीसाला पैसे देत. तो ऐटीत दरखास्त लिही आणि आजोबा खाली अंगठा उठवत. मग १९४८ साली निजाम गेला, १९६० साली महाराष्ट्र आला, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. राज्यकारभार आपल्या भाषेत आला म्हणून आजोबांनी पेढे वाटले होते, असं घरात सांगतात. आणि आता त्याच परभणीत माझ्यासमोर एक माणूस बसला होता. त्याला मराठी येत होती, साहेबांना मराठी येत होती, आणि दोघांच्या मध्ये अर्जनवीस म्हणून मी.

"तुझं मराठी काही वाईट नव्हतं रे," मी उगीच म्हटलं.

"तसं नाही सर. आठवीत तुम्ही मला उभं करून म्हणलं होतं, आधी मराठी शीक, मग बोल." तो अजून हसतच होता. "मग मी वर्गात बोललोच नाही बगा. दहावी होईपर्यंत."

मला काहीच आठवलं नाही. तीच तर गोष्ट वाईट. त्याला तीस वर्षं आठवलं, आणि मला अर्धा मार्क कापल्याइतकंही लक्षात नव्हतं. सभेतल्या त्या साहेबांना मी इतके दिवस नावं ठेवत होतो. त्यांनी आमच्या लोकांची भाषा निदान उसनी तरी घेतली. मी तर ती जप्त केली होती. माझ्या वर्गात जिला उभं राहायला जागा नव्हती, ती बाहेर मोकळी सापडली, म्हणूनच तर कुणीही येऊन तिचा फेटा बांधून गेला.

चहा झाला, आणि मी अर्ज लिहायला बसलो. 'चारी' खोडून 'वितरिका' केलं. 'उपरोक्त विषयास अनुसरून' घातलं. 'सविनय' तीन वेळा आणि 'कृपया' चार वेळा आलं. कागद कसा तुळतुळीत झाला. त्यानं वाचला, मान डोलावली आणि म्हणाला, "झकास. मला काही कळालं नाही, म्हणजे त्यांना कळंल."

सहीची जागा सोडताना माझा हात थांबला. काय वाटलं कोण जाणे, शेवटची ओळ मी त्याच्या तोंडची घातली : 'साहेब, तीन वर्षं झाली, आम्ही पाण्याची वाट बघायलो.' मूळ भाषेत लिहिलेलं माझ्या आयुष्यातलं पहिलं वाक्य. त्याच्याकडं न बघताच मी कागद घडी करून दिला.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. 'आपला अर्ज पुढील उचित कार्यवाहीस्तव संबंधित कार्यालयाकडे अग्रेषित करण्यात येत आहे.' सोबत आमच्याच अर्जाची एक छायाप्रत जोडली होती. तो कागद घेऊन माझ्याकडं आला.

"सर, अग्रेषित म्हणजे पाणी येणार का?"

"म्हणजे पुढं पाठवला."

"कोणाच्या पुढं?"

मी व्याकरणात शिरणार, तेवढ्यात त्यानं छायाप्रतीच्या तळाशी बोट ठेवलं. सगळा अर्ज जसाच्या तसा होता. फक्त शेवटच्या ओळीतल्या 'बघायलो'खाली कुणीतरी लाल पेनानं रेघ मारली होती आणि समासात प्रश्नचिन्ह काढलं होतं. रेघ अगदी सरळ, शेवटाला जरा वर उचललेली. तसली रेघ मी ओळखतो. बत्तीस वर्षं मारली आहे. तो कारकूनही बहुधा माझ्याच वर्गातला असणार, आणि त्यानं मी शिकवलेलं लक्षात ठेवलं होतं.

आम्ही दोघं त्या रेघेकडं बघत बसलो. मग तो म्हणाला,

"अर्धा मार्क गेला म्हणायचा, सर."